वाचकांचे प्रश्न: भोपळा, दुधी, झुकिनी... ठेवायचं की टाकायचं?

भोपळ्याच्या कुळातल्या भाज्यांबद्दल आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसली: ही भाजी अजून खाण्यासारखी आहे का? उत्तरांकडे वळण्याआधी एक फरक सांगायला हवा. झुकिनी, दुधी, दोडका, घोसाळं ही फळं कोवळी असतानाच तोडतात. साल पातळ, आत पाणी भरपूर, म्हणून ती दिवसांच्या हिशेबाने टिकतात. लाल भोपळा, कोहळा, बटरनट ही वेलीवर पूर्ण पिकवून, साल टणक झाल्यावर तोडतात. ती महिन्यांच्या हिशेबाने टिकतात. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की चांगली भाजी कचऱ्यात जाते, नाहीतर खराब भाजी पोटात.

प्रश्न: आठवड्यापूर्वी आणलेल्या दोन झुकिनी फ्रिजमध्ये मलूल पडल्या आहेत. साल सुरकुतली आहे, दाबलं की दबते. वास मात्र येत नाही. टाकून द्यायच्या का?

वास नाही आणि हाताला चिकट लागत नाही, तर टाकू नका. सुरकुती म्हणजे पाणी उडालं, एवढंच. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि तोडल्यानंतरही ते सालीतून आणि देठाच्या कापातून उडत राहतं. अशी झुकिनी कच्ची खायला चांगली लागणार नाही, पण शिजवून खायला काहीच हरकत नाही.

तरी आधी नीट तपासा. देठाकडचं टोक बघा. कापाची जागा वाळून तपकिरी झाली असेल तर ते वयाचं लक्षण आहे. तीच जागा ओलसर, काळपट असेल आणि बोट उचलताना तार सुटत असेल, तर कुज लागली आहे. मग दुसरं टोक, जिथे फूल होतं ते. तिथे वाळलेल्या फुलाचा तुकडा चिकटून राहिलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि कुज पुष्कळदा तिथूनच शिरते. भिंग असेल तर लावून बघा: बारीक टाचण्या टोचून ठेवाव्यात तसे उभे केस आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळा ठिपका दिसला, तर ती बुरशी आहे.

यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलका दाबत न्या. सगळीकडे सारखंच दबत असेल तर पाणी उडालेलं आहे. एकाच जागी अंगठा आत गेला आणि तिथली साल खालच्या गरापासून सुटल्यासारखी सरकली, तर ती कुज आहे. अशी जागा एकच, नाण्याएवढी असेल आणि आजूबाजूचा भाग घट्ट असेल, तर तिच्याभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग धरून कापून काढा आणि उरलेली त्याच दिवशी शिजवा. दोन-तीन ठिकाणी असेल तर कापाकापीच्या फंदात पडू नका, टाकून द्या.

शेवटी उभी चिरा. गर पांढरट आणि घट्टसर असेल तर उत्तम. मधला भाग कापसासारखा कोरडा आणि बिया मोठ्या झाल्या असतील तर ती नुसती जून झाली आहे, मधला भाग चमच्याने काढून टाका. गर पाणचट, काचेसारखा पारदर्शक झाला असेल आणि आंबूस वास येत असेल, तर मात्र ती गेली.

प्रश्न: फ्रिजमध्ये ठेवूनही झुकिनीवर बारीक खड्डे का पडतात?

अति थंडीमुळे. या भाज्यांना ५ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं, आणि घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर चालतो. काही दिवसांनी सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे खोलगट ठिपके उठतात, मग ते तपकिरी होतात. नुसते खड्डे असतील तर भाजी खाता येते. मात्र ती जखमच आहे आणि बुरशीला तिथून वाट मिळते, म्हणून खड्डे दिसले की एक-दोन दिवसांत संपवा. भाजी खालच्या खणात, भोकं पाडलेल्या पिशवीत, न धुता ठेवावी. धुऊन ठेवलेल्या भाजीवर राहिलेला ओलावा तिला लवकर नासवतो. चार-पाच दिवस ती छान राहते, आठवडा म्हणजे वरची मर्यादा.

प्रश्न: बटरनट चिरल्यावर कापावर चिकट थेंब जमा झाले. चिरताना हातही ओढल्यासारखे झाले आणि नंतर साल निघाली. भोपळ्यात काही रसायन आहे का?

नाही, तो भोपळ्याचाच चीक आहे. चिरल्यावर अर्ध्या-एक मिनिटात सालीच्या आतल्या कडेला घामाच्या थेंबांसारखे स्वच्छ, गोल थेंब गोळा होतात. त्या जागी अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्या कापल्या गेल्या की रस बाहेर येतो आणि हवेत घट्ट होतो. सुरीवर आणि पाटावर पांढरट पापुद्रा धरतो तोही हाच. ताज्या, रसरशीत फळात चीक जास्त असतो, म्हणजे हे खराबीचं नव्हे, ताजेपणाचं लक्षण आहे. फरक ओळखायला बोट लावा. चीक स्वच्छ, डिंकासारखा आणि बिनवासाचा असतो. कुजीचा चिकटा बुळबुळीत असतो, पूर्ण कापावर पसरलेला असतो आणि वास मारतो.

हातांचं म्हणाल तर काहींच्या त्वचेला हा चीक सोसत नाही. कातडी ताणते, चकचकीत दिसते आणि नंतर पापुद्रे निघतात. खाण्याशी याचा संबंध नाही. पुढच्या वेळी हातमोजे घाला, किंवा भोपळा सालासकट शिजवून मग साल काढा.

प्रश्न: दुधी अगदी ताजा होता, पण भाजी कडू झाली. मीठ लावून, पाणी काढून किंवा जास्त शिजवून कडूपणा घालवता येतो का? थोडी खाल्ली तर काय होईल?

घालवता येत नाही, आणि थोडीही खाऊ नका. या उत्तराला जरा जास्त जागा देतो आहोत, कारण या साऱ्या पत्रांत खरा धोक्याचा प्रश्न हा एकच आहे.

भोपळ्याच्या कुळातल्या रानटी वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्यं असतात. जनावरांनी आणि किड्यांनी खाऊ नये म्हणून वेलीने केलेली ती तजवीज आहे. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून ती खाण्याच्या जातींतून जवळजवळ काढून टाकली, पण कधीकधी ती परत येतात. बी धरताना शेजारच्या रानटी किंवा शोभेच्या भोपळ्याचे परागकण आले असतील, तर त्या बियांतून येणाऱ्या पुढच्या वेलीची फळं कडू निघू शकतात. वेलीला कडक ऊन आणि पाण्याचा ताण बसला तरी कडूपणा वाढतो. फळ दिसायला मात्र तजेलदार, घट्ट आणि हिरवंगार असतं. डोळ्यांना, हाताला किंवा नाकाला याचा पत्ताच लागत नाही, तो फक्त जिभेला लागतो.

शिजवल्याने ही द्रव्यं नष्ट होत नाहीत. मिठाने पाणी सुटतं, पण कडू द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती गरातच राहतात. गूळ, चिंच किंवा मसाल्याने चव झाकली जाते, विष तसंच राहतं. आणि चव झाकणं हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण कडू चव हाच एकमेव इशारा असतो. कारलं कडूच असतं ना, मग हेही चालेल, हा तर्क इथे लावू नका. कारल्यातली कडू द्रव्यं वेगळी आहेत.

खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू होतात. प्रमाण जास्त असेल तर उलटीतून किंवा शौचातून रक्त पडतं आणि रक्तदाब घसरतो. यावर उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही. सलाइन आणि देखरेख हेच उपचार. म्हणून त्रास सुरू झाला की घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम इथे शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी शिजवून खाल्ल्यानंतर ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला होता. इतकं टोक क्वचित गाठलं जातं, पण ते टाळायला एक घास थुंकणं पुरतं.

परीक्षा अशी करा. दुधी, दोडका, झुकिनी, काहीही असो, चिरल्यावर दोन्ही टोकांकडचा आणि मधला एकेक वाटाण्याएवढा कच्चा तुकडा चावून बघा आणि थुंका. गोडसर किंवा बेचव लागला तर पुढे चला. स्पष्ट कडू लागला तर चूळ भरा आणि अख्खं फळ टाका, फक्त ते टोक नव्हे. तीन फळं एकत्र चिरणार असाल तर तिन्ही वेगवेगळी चाखा, कारण एक कडू फळ सगळं भांडं बिघडवतं. दुधीचा रस काढणाऱ्यांनी तर हे कधीच चुकवू नये. रसात एका पेल्यात बराच दुधी जातो आणि लिंबू-पुदिन्यात चव लपते. सर्दी असेल किंवा वयामुळे चव मंदावली असेल तर चाखायचं काम घरातल्या दुसऱ्याला द्या. कडू फळाच्या बिया पुढच्या लागवडीसाठी ठेवू नका, आणि आपोआप उगवलेल्या वेलीची फळं चाखल्याशिवाय भांड्यात टाकू नका.

प्रश्न: अख्खा लाल भोपळा दोन महिने घरात ठेवलेला आहे. न चिरता तो आतून चांगला आहे की नाही ते कसं ओळखायचं?

दोन महिने हे लाल भोपळ्यासाठी काही फार नाहीत. १० ते १५ अंश तापमानात, कोरड्या आणि खेळत्या हवेत चांगला पिकलेला भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो. उबदार खोलीत मुदत कमी होते. फ्रिजमध्ये अख्खा भोपळा ठेवणं मात्र चुकीचं. १० अंशांखाली त्यालाही थंडी बाधते आणि बाहेर काढल्यावर तो झपाट्याने नासतो.

देठापासून सुरुवात करा. देठ बुचासारखा कोरडा आणि जागच्या जागी घट्ट असेल तर अर्धी काळजी मिटली. देठ हलत असेल, त्याच्या मुळाशी ओल किंवा मऊपणा असेल, तर आत कुज उतरते आहे. देठ मोडलेला भोपळा लवकर खराब होतो, कारण मोडलेली जागा म्हणजे उघडी जखम. म्हणूनच देठाला धरून भोपळा उचलू नये. मग तो उलटा करा. जमिनीला टेकलेल्या बाजूला हवा लागत नाही आणि पहिला मऊ डाग बहुधा तिथेच येतो. खाली ओला गोल उमटला असेल तर निर्णय झालाच. दोन्ही हातांत धरून कानाशी हलवा, आत पाणी हिंदकळल्यासारखं वाटलं तर गर कुजून पातळ झाला आहे. टकटक करून पोकळ आवाज आला की भोपळा चांगला, असं म्हणतात, पण तो आवाज पिकल्याची खूण आहे. चांगल्या स्थितीची खात्री त्यातून मिळत नाही.

साल निस्तेज होणं, हिरव्या सालीवर पिवळे-नारिंगी पट्टे येणं, बुचासारखे खडबडीत व्रण, जमिनीवर टेकलेला फिका पिवळा डाग, यातल्या कशाचीही चिंता नको. दमट हवेत सालीवर पांढरी भुकटी धरली आणि खालची साल नखाने टोचली जात नाही एवढी टणक असेल, तर कोरड्या फडक्याने पुसा आणि लवकर वापरा. साल मऊ झाली असेल तर फडकं काही कामाचं नाही.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ठेवणीत भोपळ्यातला पिष्टाचा अंश हळूहळू साखरेत बदलतो, त्यामुळे महिनाभर ठेवलेला भोपळा तोडल्या दिवसापेक्षा गोड लागतो. पुढे मात्र गर दोरेदार आणि बेचव होत जातो. सफरचंदं आणि पिकती केळी जवळ ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने भोपळा लवकर म्हातारा होतो.

चिरल्यावर बियांच्या पोकळीकडे आधी बघा. धागे कोरडे आणि केशरी, बिया पांढऱ्या-पिवळसर आणि भरलेल्या, तर भोपळा चांगला. धागे ओले, बुळबुळीत, बिया करड्या-काळ्या आणि वास आंबूस किंवा दारूसारखा असेल तर बाहेरचा गर कितीही घट्ट दिसला तरी ठेवू नका.

प्रश्न: भोपळा चिरला तर आत बियांना कोंब फुटलेले! पांढरी, वळवळीत मुळं पाहून आधी अळ्याच वाटल्या. खावा का?

फळ फार पिकलं किंवा बरेच दिवस उबेत राहिलं की बी आतल्या आतच रुजतं. अळी आणि कोंब यांतला फरक सोपा: कोंबाचं एक टोक बीच्या टरफलात अडकलेलं असतं आणि तो हलत नाही. गर घट्ट असेल, वास स्वच्छ असेल आणि चावलेला तुकडा कडू नसेल तर गर खा. कोंब आणि रुजलेल्या बिया मात्र काढून टाका, कोवळ्या रोपात तीच कडू द्रव्यं असू शकतात.

प्रश्न: दोडक्याच्या सालीवर बारीक भोक आणि त्यावर तपकिरी डिंकाचा थेंब दिसतो. हे काय?

फळमाशीची खूण. माशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, टोचलेल्या जागी रस येऊन वाळतो आणि भोवतीची साल किंचित खोलगट होते. चिरून बघा. नुसता कडक ठिपका असेल तर तेवढा काढून भाजी करा. आत तपकिरी बोगदे आणि पांढऱ्या अळ्या असतील तर अळ्यांमागोमाग कुजही आलेली असते, ते फळ टाका.

प्रश्न: निबर झालेला दुधी किंवा झुकिनी अपायकारक असते का?

कडू नसेल तर नाही. साल नख न रुतण्याइतकी कडक, बिया टणक आणि मधला गर भुसभुशीत होतो. साल आणि मधला भाग काढून उरलेला घट्ट गर किसून शिजवा, वेळ थोडा जास्त लागेल. चव फिकी असते हे खरं.

प्रश्न: चिरलेल्या भोपळ्याच्या फोडी फ्रिजमध्ये किती दिवस ठेवाव्यात? माझ्या डब्यात तिसऱ्या दिवशी फोडींवर पांढरट थर आला.

थर कोरडा आणि खडूसारखा असेल, ओल्या बोटाने पुसला जात असेल, तर तो वाळलेला चीक आणि वाळलेला पृष्ठभाग आहे. फोडी चांगल्या आहेत. थर केसाळ असेल तर बुरशी, आणि ओला, निसरडा असेल तर जिवाणूंची वाढ. निसरड्या फोडी धुतल्या की स्वच्छ दिसतात, आणि इथेच फसगत होते. चिकटा जातो, पण जिवाणू गरात शिरलेले असतात. डब्यातली एक फोड जरी अशी निघाली तरी सगळा डबा रिकामा करावा असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण सगळ्या फोडी एकाच पाण्यात बसलेल्या असतात. मोठ्या, टणक तुकड्याच्या एका कोपऱ्यावर बुरशी असेल तर अडीच सेंटिमीटर खोल आणि रुंद कापून उरलेला वापरता येतो. सुरी बुरशीतून फिरवू नका, बाहेरून वळसा घ्या.

ठेवताना बिया आणि धागे आधी काढा, नासायला सुरुवात तिथूनच होते. डब्याच्या तळाशी कोरडं फडकं किंवा कागदी रुमाल घाला आणि ४ अंशांवर किंवा त्याखाली ठेवा, मग चार-पाच दिवस निर्धास्त. चिरलेला भोपळा ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. आणि साल काढणार असलात तरी चिरण्याआधी भोपळा वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवा. सालीवरची माती आणि जंतू सुरीच्या पात्यासोबत थेट गरात जातात.

प्रश्न: एकदम भरपूर झुकिनी आणि भोपळा आला तर गोठवता येतो का? मागच्या वेळी झुकिनीचा नुसता चोथा झाला.

कच्चीच गोठवली असणार. बर्फाचे कण पेशी फोडतात आणि वितळताना सगळं पाणी बाहेर येतं. शिवाय आतली विकरं (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि चव बिघडवतात. झुकिनीच्या सव्वा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा, उकळत्या पाण्यात ३ मिनिटं घाला, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवा, पूर्ण निथळू द्या आणि ताटात सुट्या पसरून गोठवा. गोठल्यावर पिशवीत हवा काढून भरा. तरी ताज्यासारखा कुरकुरीतपणा मिळणार नाही, म्हणून वितळू न देता थेट उकळत्या रश्श्यात किंवा सुपात टाका. लाल भोपळा मऊ शिजवून, घोटून, पूर्ण थंड करून लागेल तेवढ्या वाट्यांच्या मापाने गोठवावा. उणे १८ अंशांवर दोन्ही आठ-दहा महिने चांगले राहतात. पिशवीवर तारीख लिहा, आणि गोठवण्याआधी प्रत्येक फळ चाखायला विसरू नका: कडूपणा गोठवूनही जात नाही, आणि सहा महिन्यांनी कुठली चकती कुठल्या फळाची हे सांगता येत नाही.